मावशीच्या चकलीचा मेसेज

बडोद्यात दांडिया बाजारात आमची मावशी दर दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते, चकली, कडबोळी, अनारसे. गेल्या वर्षी तिनं पैसे देऊन एक पॅम्प्लेट करून घेतलं, "उत्कृष्ट दर्जा, अस्सल घरगुती चव, माफक दर". ५०० छापले, वाटले, फोन आले जेमतेम. मला फार वाईट वाटलं, कारण तिची चकली खाल्लेला माणूस दुसरीकडे जात नाही, पण कागदावरून ते कळणार कसं, तेच शब्द तर सगळेच लिहितात.

म्हणून यंदा म्हटलं मेसेज मी लिहिते, आणि आधी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. भाजणी चालली होती. तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडदाची वेगळी, मुगाची वेगळी, सगळं मंद गॅसवर, कारण एकत्र टाकलं की मूग करपतो आणि हरभरा डाळ कच्चीच राहते, शेवटी धने-जिरे नुसते गरम करायचे. म्हटलं मावशी, हे का नाही लिहिलंस? तर म्हणे, "अगं त्यात काय लिहायचं, सगळेच असं करतात."

अगदी हेच अमेरिकेत श्लिट्झ बिअरवाले क्लॉड हॉपकिन्सला म्हणाले होते. हा जुन्या काळातला जाहिराती लिहिणारा, कारखाना बघायला गेला तर तिथे बाटल्या वाफेनं धुतात, पाणी खोल विहिरीतलं. मालक म्हणे सगळेच करतात, हा म्हणे पण सांगितलं कोणीच नाही, आणि त्यानं तेच छापलं, बिअरचा खप वाढला. मला हे फार पटतं. आपल्याला रोजचं वाटतं ते गिऱ्हाइकानं कधी पाहिलेलंच नसतं.

पण बडोद्यात अजून एक गोष्ट आहे. मराठी घरात "भाजणीची चकली" म्हटलं की पुरे, पुढे काही सांगावं लागत नाही. गुजराती घरांत मात्र चकरी बऱ्याचदा गव्हाचं पीठ वाफवून करतात, त्यांना भाजणी हा शब्दच कळत नाही, आणि निम्मं गिऱ्हाईक तर तेच आहे! म्हणून दोन मेसेज केले. गुजरातीतल्या मेसेजात पहिल्याच ओळीत भाजलेल्या डाळी नि सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल), कारण कुठल्या तेलात तळलं हे तिथे आधी विचारतात. बाकी फोनवर लोक जे विचारतात तेच लिहिलं, किती दिवस टिकते, पाव किलो मिळेल का, ऑर्डर कधीपर्यंत (वसुबारसेच्या आदल्या दिवसापर्यंत). "कळवण्यास आनंद होतो की" वगैरे उडवलं, नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचंच तेवढं दिसतं, ती जागा वाया का घालवायची.

एक महत्त्वाचं, व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायची यादी) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मावशीला हे माहीतच नव्हतं. आता डबा देतानाच ती नंबर सेव्ह करायला सांगते.

परवा अलकापुरीतून एका बेनचा फोन आला, "मासी, पेली शेकेली दाळनी चकरी छे ने?" (ती भाजलेल्या डाळींची चकली आहे ना?) एक किलोची ऑर्डर. मावशीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, बस आता, अनारशाचं पण लिहून दे.