झाडगावच्या काचेमागचा समुद्र

रत्नागिरीत उतरणारे बहुतेक पर्यटक मनाने आधीच गणपतीपुळ्याला पोचलेले असतात. वाटेत टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा उरकायचा, बाजारातून आंबापोळी आणि कोकम घ्यायचं आणि पुढे निघायचं. आम्ही या वेळी ठरवून उलटं केलं. पुळ्याला गेलोच नाही. शनिवार-रविवार रत्नागिरी शहरातच काढायचा, पायी फिरायचं, दुपारी झोपायचं आणि झाडगावचं मत्स्यालय घाई न करता बघायचं, एवढाच बेत.

मत्स्यालयाचा हट्ट भाच्याचा. तो चौथीत आहे आणि त्याला माशांनी पार झपाटलंय. मी त्याच्या वयाची असताना आईने मला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. 1951 सालापासूनचं ते मत्स्यालय करोनाच्या साथीत बंद झालं आणि याच्या वाट्याला आलंच नाही. मॉलमधल्या काचेच्या बोगद्यात तो जाऊन आलाय, पण तिथे मागे गाणी आणि पुढे सेल्फीवाले. मासा जरा थांबून बघावा तर मागचे ढकलतात. म्हणून फेब्रुवारीत, आई, भाचा आणि मी, ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडली.

पहाटे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की बॅगा काढायला घ्यायच्या, हे आईचं जुनं गणित. कोकण रेल्वेवरचा हा सगळ्यात लांब बोगदा, आणि त्यानंतर रत्नागिरी फार लांब नाही. स्टेशन गावाबाहेर आहे, त्यामुळे रिक्षा करावी लागते. हवेत गारवा होता आणि रिक्षा उतार उतरायला लागली तसा आंब्याच्या मोहोराचा वास येऊ लागला. खोली मांडवीजवळ घेतली होती. आई आंघोळ करून पडली आणि आम्ही दोघं उजाडता उजाडता मिरकरवाड्याला गेलो.

मत्स्यालय बघायचं असेल तर आधी मिरकरवाडा बघावा, असं माझं ठाम मत झालंय. हे रत्नागिरीचं मोठं मासेमारी बंदर. सकाळी होड्या धक्क्याला लागल्या की सगळीकडे एकच गलका. बर्फ फोडण्याचा आवाज, क्रेटांची ओढाओढ, लिलावाचे आकडे आणि वरून घिरट्या घालणाऱ्या घारी. पायाखाली सतत ओलं असतं, तेव्हा चपला धुता येतील अशाच घालाव्यात. भाचा एकेका टोपलीपाशी थांबत होता. बांगडे, तारल्या, राणी मासे, सौंदाळे, लेपे, माकुल. एका टोपलीत पाकट होती, शेपूट गुंडाळून ठेवलेली. कोळंबीचे ढीग आकाराप्रमाणे वेगळे लावलेले. एका मासेवालीला मी विचारलं, ताजी आहे का सुरमई? तिने उत्तर न देता अंगठ्याने कल्ला उचलून दाखवला. आत लालभडक. "कल्ले बघा नि मग बोला, ताई," म्हणाली. मग तिने भाच्याला जवळ बोलावून त्या कल्ल्याच्या झालरी बोटाने सुट्या करून दाखवल्या. पाणी तोंडातून येतं, इथून बाहेर जातं, आणि मासा श्वास घेतो. शाळेत त्याला हे शिकवून झालं होतं, पण त्याच्या डोक्यात ते तिथे, त्या टोपलीपाशी शिरलं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना खुपली. एका क्रेटमध्ये पापलेटची पिल्लं होती, माझ्या तळहाताहून लहान. पापलेट हा 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. तो कमी होत चाललाय म्हणूनच त्याला हा मान दिला गेला, आणि कोणत्या जातीचा मासा किती लहान असेपर्यंत पकडायचा नाही याचे नियमही आले. पण नियम जाळ्यापर्यंत पोचायला आपणही मदत करायला हवी. लहान पापलेट स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. एकदाही अंडी न घातलेला मासा आपण ताटात वाढून घेतो, मग दहा वर्षांनी पापलेट कुठे गेलं म्हणून विचारतो. हे मी माझ्या घरच्यांनाही सांगते आणि वाचणाऱ्यांनाही हात जोडून सांगते.

न्याहारीला घावणे खाऊन आम्ही तिघं झाडगावला गेलो. हे मत्स्यालय म्हणजे खरं तर सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचा एक भाग आहे. केंद्र 1958 सालचं, आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. झगमगाट शोधणाऱ्याने इथे येऊ नये. साधी सरकारी इमारत, भिंतीत बसवलेल्या टाक्या, त्यांच्यावर नावांच्या पाट्या. काही टाक्या गोड्या पाण्याच्या, काही खाऱ्या पाण्याच्या. पण शनिवारी सकाळी तिथे मोजकी माणसं होती, आणि एका टाकीसमोर हवं तितका वेळ उभं राहता येत होतं. ही चैन आता दुर्मिळ आहे.

आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो ते वामीपुढे, म्हणजे सापासारख्या लांबट माशापुढे. खडकाच्या कपारीतून डोकं बाहेर काढून ती सारखं तोंड उघडत होती, मिटत होती. दात दिसत होते. भाचा आधी मागे सरला. तिथले एक कर्मचारी जवळच होते. ते म्हणाले, "घाबरू नकोस बाळा, चावायला नाही येत ती, श्वास घेतेय." वाम कपारीत बसून असते, त्यामुळे कल्ल्यांवरून पाणी खेळतं ठेवायला तिला तोंडाने सतत पाणी आत ओढावं लागतं. भाच्याने लगेच सकाळची सुरमई आठवली आणि वामीचा कल्ला शोधू लागला. तिला सुरमईसारखं झाकण दिसत नाही, डोक्याच्या मागे बाजूला फक्त एक लहानसं गोल छिद्र असतं. तोंड मिटलं की ते किंचित फुगतं. त्याला ते सापडलं तेव्हा त्याने माझा हात इतक्या जोरात ओढला की आईही बाकावरून उठून बघायला आली.

पुढच्या टाकीत शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, होती. ताटातली शेवंड लाल असते, ही मातकट, हिरवट, पायांवर पट्टे असलेली. आपल्याकडच्या शेवंडीला खेकड्यासारख्या नांग्या नसतात, असतात त्या अंगाहून लांब, काटेरी मिशा. त्या मिशांनी ती टाकीचा कोपरा न् कोपरा चाचपत होती. दुसरी शेवंड जवळ आली तशी पहिलीने शेपूट एकदम पोटाखाली ओढली आणि मागच्या मागे सपकन निघून गेली. पळायचं असलं की ती उलटीच पळते. काचेला चिकटलेला एक तारामासाही होता. तारामासा वरून बघितला तर काहीच करत नाही असं वाटतं. काचेतून त्याची खालची बाजू दिसते आणि मग कळतं की शेकडो बारीक, पारदर्शक नळ्यांसारखे पाय एकामागून एक उचलले जातायत, टेकले जातायत. कर्मचारीकाका मधूनच मुलांना समजावत होते, "काचेवर टकटक नको. आत त्यांना दणका बसतो." रागावून नाही, प्रेमाने. लायनफिश, ट्रिगरफिश, पाणकासव हे सगळं होतंच, आणि फोटो सगळे लायनफिशचेच काढत होते. पिसाऱ्यासारखे पर पसरून तो तरंगतो खरा देखणा, पण पाठीवरच्या काट्यांत विष असतं.

शेजारी संग्रहालय आहे. बाटल्यांत जपलेले जीव, शंख, शिंपले, प्रवाळ, आणि या सगळ्यांत लक्ष वेधून घेणारा देवमाशाचा सांगाडा, 50 फुटांहून लांब. त्याच्या एकेका मणक्याला आईने बसायचं स्टूल म्हटलं असतं, इतका तो रुंद. बरगड्यांच्या खाली उभं राहिलं की आपण कुणाच्या तरी छातीच्या पिंजऱ्यात आहोत हे अंगावर काटा आणतं. तिथे मी भाच्याला एक गोष्ट दाखवली, आणि ती मला स्वतःला फार आवडते. टाकीतले मासे शेपूट डावी-उजवीकडे हलवतात. देवमासा शेपूट वर-खाली हलवतो. कारण तो मासा नाहीच. त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे प्राणी, आणि धावताना कुत्र्याची पाठ जशी वर-खाली वाकते तशीच देवमाशाच्या पाठीचा कणाही वाकतो. समुद्रात जाऊन कोट्यवधी वर्षं झाली तरी चाल जमिनीवरचीच राहिली. भाचा परत पळत टाक्यांकडे गेला, प्रत्येक माशाची शेपूट तपासून आला आणि "सगळे डावी-उजवी" असं जाहीर करून मोकळा झाला.

काही टाक्यांमधला प्रकाश कमी होता, काही पाट्यांवरची अक्षरं पुसट झालेली. पण खाऱ्या पाण्याची टाकी राखणं किती कष्टाचं असतं, हे घरी साधी माशांची पेटी ठेवणाऱ्यालाही कळेल. पाण्याचा खारेपणा, तापमान, माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया, यातलं काहीही बिघडलं की एका रात्रीत टाकी रिकामी होते. वर्षानुवर्षं हे कुणीतरी रोज सांभाळतंय. ज्या गावात मासे उतरतात त्याच गावात ते जिवंत बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची सहल इथे यायला हवी, आणि आपण पर्यटकांनीही तिकीट काढून यायला हवं. गर्दी नाही म्हणून अशा जागा हळूहळू मागे पडतात.

जेवायला एका घरगुती खानावळीत गेलो. आई शनिवार पाळते, तिच्यासाठी ओल्या काजूची उसळ होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात येण्याला हेही एक चांगलं कारण आहे. सोललेले ओले काजू, नारळाचं वाटण, वर कोथिंबीर, सोबत गरम भात. मी सुरमईची तळलेली तुकडी आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेतल्या. सोलकढी इतकी ताजी की आमसुलाचा आंबटपणा आणि नारळाच्या दुधाची गोडी वेगवेगळी लागत होती. मग दुपारी पंखा लावून झोप. एरवी सहलीत झोपलं की काहीतरी हुकल्यासारखं वाटतं, इथे बघायची ठिकाणं शिल्लक ठेवायचीच होती.

संध्याकाळी भाट्याला गेलो. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन आणि पुढे लांब, सपाट किनारा. ओहोटी होती. ओल्या वाळूवर बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली, मधे एक बीळ आणि भोवती गोळ्यांच्या रांगा. एरवी आम्ही त्यावरून चालत गेलो असतो. भाचा उकिडवा बसला. बराच वेळ कुणी हललं नाही तेव्हा बिळातून एक एवढासा खेकडा आला, नांग्यांनी वाळू भराभर तोंडात घालू लागला, त्यातलं खाण्यासारखं काढून घेऊन उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकू लागला. सकाळी काचेसमोर थांबायची सवय लागली नसती तर हे त्याने बघितलं नसतं, मीही नाही.

रविवारी सकाळी रत्नदुर्ग. तीन बाजूंनी समुद्र असलेला हा किल्ला, आत भगवतीचं देऊळ आणि एका टोकाला 1867 सालचं दीपगृह. तटावरून एकीकडे मिरकरवाड्याच्या होड्या दिसतात, दुसरीकडे मांडवी आणि भाट्याचा किनारा. मांडवीची वाळू काळसर म्हणून तो काळा समुद्र, आणि मिऱ्याकडचा पांढऱ्या वाळूचा पांढरा समुद्र. एकाच गावाला दोन रंगांचे किनारे आहेत हे इथून नीट कळतं. थिबा राजवाड्याला आईसाठी गेलो. ब्रह्मदेशचा हा राजा 1885 मध्ये राज्य गेल्यावर रत्नागिरीत आणून ठेवला गेला, आणि 1916 मध्ये इथेच वारला. आई त्या मोठ्या, रिकाम्या दालनांतून फिरून आली आणि म्हणाली, "बिचाऱ्याने समुद्र रोज बघितला असेल, पण जायला वाट नव्हती." तिथे मग फार वेळ थांबावंसं वाटलं नाही.

संध्याकाळच्या जनशताब्दीने परत निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च बरा. एप्रिल-मेमध्ये हापूस मिळतो, पण उकाडा आणि गर्दी दोन्ही सोसावं लागतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाड्याचा लिलाव दिसणार नाही. लहान मुलं बरोबर असतील तर बंदर आणि मत्स्यालय एकाच सकाळी ठेवा, बंदर आधी. मत्स्यालय किती वाजता उघडतं ते निघण्याआधी विचारून घ्या. दिवस हाताशी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेला गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तिकडे जाऊन या. आम्हाला या वेळी जमलं नाही, पण पुढच्या फेब्रुवारीचं आरक्षण कधी सुरू होतं यावर भाच्याची नजर आहे.