धरणात होडीतून बदकं मोजायची परवानगी काढली त्याचा माझा अनुभव

आधी कामाचं सांगतो. धरणाच्या पाण्यात होडीतून जाऊन बदकं बघायला शिकायचं असेल तर अर्ज ऑगस्टमध्ये टाका, दिवाळीनंतर टाकू नका. मी दिवाळीनंतर टाकला आणि २०२४-२५ चा अख्खा हिवाळा हातातून गेला. तो राग अजून गेलेला नाही.

आमच्या आजोबांकडे बारा बोरची बंदूक होती. थंडीत ते तलावावर बदकं मारायला जायचे, तेव्हा परवान्यावर ते चालायचं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे १९९१ च्या दुरुस्तीनंतर तसले शिकारीचे परवानेच बंद झाले आणि ते बरंच झालं. मला मारायचं कधी नव्हतंच, पण आजोबा सांगायचे की अंधारात होडीत आडवं पडून राहायचं, काही दिसत नाही, आणि मग एकदम डोक्यावरून पंखांचा आवाज जातो. तो आवाज मला ऐकायचा होता. दुसरं म्हणजे दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, १९८७ पासून चालू आहे, त्यात आपल्या धुळे-जळगाव भागातल्या धरणांचे आकडे नीट जावेत असं मनापासून वाटायचं. हतनूर धरणावर चांगदेवच्या बाजूने, तापी-पूर्णा मिळतात तिथे काठावर उभं राहून बघितलंय मी, सुंदर जागा आहे, पण थवा पाण्याच्या मधोमध बसला की दुर्बिणीतूनही नुसते काळे ठिपके दिसतात, त्यातलं थापट्या बदक कोणतं आणि तलवार बदक कोणतं हे काठावरून सांगणं अवघड.

शिकायला आपल्याकडे कोणी भेटेना म्हणून मी व्हिडिओ बघायला लागलो, आणि होडी-बदकं असं शोधलं की सगळे अमेरिकेच्या समुद्रकाठचे शिकारीचेच निघतात. खाऱ्या दलदलीत बुटकी चपटी होडी, तिला गवत बांधलेलं, पुढे पाण्यावर खोटी बदकं सोडलेली, आणि माणूस सूर्य उगवायच्या आधीपासून गप्प पडून. गोळी झाडतात तिथे मी व्हिडिओ बंद करायचो पण त्याच्या आधीचं सगळं वहीत लिहून काढलं. बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उडतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक न बघता गेलं तर होडी चिखलात अडकून बसते. तिथे शिकाऱ्याला दरवर्षी बदकांचं एक सरकारी तिकीट घ्यावं लागतं, १९३४ पासून आहे ते, आता २५ डॉलरचं आहे, आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. म्हणजे मारणाऱ्याला तिथे आधीच माहिती असतं की कुठे जायचं, काय भरायचं, आणि मला इथे नुसतं मोजायचं होतं तर कोणत्या टेबलाकडे जायचं हेच कोणी सांगेना.

धरणाचं नाव लिहीत नाही, ते सांभाळणाऱ्या ऑफिसचंही नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साधा अर्ज घेऊन गेलो. तिथल्या भाऊसाहेबांनी, म्हणजे कारकुनांनी वाचला, म्हणे होडी कशाला, काठावरून बघा. मी समजावलं. म्हणे साहेब इलेक्शन ड्युटीवर आहेत, निकालानंतर या. विधानसभेची आचारसंहिता चालू होती, ते खरंच होतं, तिथे मी काही बोललो नाही. निकाल लागला २३ तारखेला, मी २५ ला हजर. तर माझा अर्जच सापडेना, कारण मी दिला तेव्हा आवक क्रमांक, म्हणजे अर्ज नोंदवून घेतल्याचा नंबर, घेतलाच नव्हता. ही माझी चूक आणि सगळ्यात महाग पडलेली चूक, म्हणून अगदी हात जोडून सांगतो, अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, समोरचा कितीही "ठेवून जा, होईल" म्हणाला तरी.

दुसरा अर्ज दिला, शिक्का घेतला. आठ दिवसांनी गेलो तर म्हणे हमीपत्र पाहिजे, पाण्यात काही झालं तर जबाबदारी माझी म्हणून. शंभरच्या स्टॅम्पवर करून नेलं तर म्हणे शंभरचं आता चालत नाही, पाचशेचा आणा. ऑक्टोबरमध्येच तो बदल झाला होता. मला नसेल माहिती, पण हमीपत्र मागताना एक वाक्य बोलायला काय जात होतं? परत टायपिंग, परत नोटरी, परत पन्नास किलोमीटर मोटरसायकल. मग विचारलं होडी कोणाची. म्हटलं मासेमारीवाल्या एका नानांची, वल्ह्याची आहे, इंजिन नाही. म्हणे मग मच्छीमार संस्थेचं ना हरकत आणा, पाण्यातला ठेका त्यांचा आहे. ते एका दिवसात मिळालं, चेअरमनने चहा पाजून लिहून दिलं. ते नेलं तर म्हणे पक्ष्यांचा विषय आहे, वन विभागाला विचारा. तिथले लोक म्हणाले धरणाचं पाणी आमच्याकडे नाही, तुम्ही बघायलाच जाताय ना, मग आमची हरकत नाही, पण तसं लेखी द्यायला त्यांना पंधरा दिवस लागले.

डिसेंबर संपला. मी रोज सकाळी गच्चीवर जायचो, थंडी मस्त पडलेली, आणि डोळ्यासमोर एकच की आत्ता पाण्यावर थवे बसलेत आणि माझा कागद कुठल्यातरी कपाटात पडलाय. जानेवारीत पुन्हा गेलो तर नवीन प्रश्न, दुर्बीण आणि कॅमेरा कशाला. धरणाच्या भिंतीजवळ फोटोला बंदी असते हे मला माहिती होतं, मी नकाशावर लाल पेनने दाखवलं की भिंतीपासून कितीतरी लांब, फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याच्या, शेपटाला जायचंय. म्हणे हे अर्जात लिहिलेलं नाही. खरंच नव्हतं लिहिलं. म्हणून दुसरी टीप, अर्जातच लिहा: भिंतीकडे जाणार नाही, ड्रोन नाही, इंजिन नाही, माणसं किती, लाइफ जॅकेट किती, तारखा कोणत्या, वेळ किती ते किती. नकाशा जोडा. तारखा दोन-तीन जास्तीच्या द्या.

गणनेचे दिवस आले आणि गेले. मी काठावरूनच मोजलं, म्हणजे ठिपके मोजले. त्या संध्याकाळी घरी येऊन माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, एकच प्रश्न विचारला, माझा आवक क्रमांक अमुक अर्ज आज कोणाकडे आहे आणि त्यावर काय शेरा आहे. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलंच नाही, सव्वीसाव्या दिवशी परवानगीचं पत्रच आलं! चार ओळींचं. चार ओळींसाठी साडेतीन महिने. हे मी डिसेंबरातच का केलं नाही याची हळहळ आजही वाटते. भांडायची गरज नव्हती, ओळख लावायची नव्हती, दहा रुपयांचं तिकीट पुरलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी नानांच्या होडीत बसलो तेव्हा बाहेरून येणारी बहुतेक बदकं निघून गेली होती. आपली इथलीच हळदी-कुंकू बदकं आणि टिबुकल्या होत्या, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी थोडे मागे राहिलेले. नानांनी माझा चेहरा बघून कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला, बोलले काही नाहीत.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अर्ज, ऑक्टोबरात पत्र. ते लगेच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शिकलो ते खरं या २०२५-२६ च्या हिवाळ्यात. पहिल्या दिवशी मी थव्याकडे सरळ होडी न्यायला सांगितली आणि दोनशे फुटांवरूनच सगळं उडून गेलं, चक्रवाक आधी ओरडले आणि बाकीचे त्यांच्यामागे. नाना म्हणाले, "गुपचूप बशी ऱ्हाय. तू जाऊ नको, त्या येतीन." मग पुढच्या खेपेपासून पहाटे अंधारातच पाणगवताच्या कडेला होडी लावायची, बांबू गाळात रोवून ठेवायचा आणि झोपून राहायचं. पूर्वेकडच्या काठाला थांबायचं म्हणजे ऊन पाठीमागून येतं आणि रंग दिसतात, समोरून ऊन आलं तर सगळी बदकं काळीच. दुर्बीण ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घ्या, १० पटीची होडीत हलते, मी दहाची घेऊन पस्तावलोय.

ऑक्टोबरात ओळखायला जाऊ नका, नर तेव्हा मादीसारखेच मळकट दिसतात, त्यांची पिसं अजून बदलत असतात. डिसेंबरनंतर सोपं होतं. तलवार बदकाची शेपटी, थापट्याची फावड्यासारखी चोच, भुवई बदकाची पांढरी भुवई. आणि उडताना बघा, शेपूट वर करून उथळ पाण्यात चरणारी बदकं जागच्या जागी सरळ वर उडतात, बुडी मारणारी लालसरीसारखी पाण्यावरून धावत जाऊन मग उडतात. मोजताना दहाचा एक गठ्ठा डोळ्यात बसवायचा आणि तसे किती गठ्ठे ते मोजायचं. थवा उडवला तर तो पाण्यात दुसरीकडे जाऊन बसतो आणि तुम्ही त्याला तिथे परत मोजता, त्यामुळे न उडवणं हे आकड्यासाठीही गरजेचं आहे.

हां, एक राहिलं. भरती-ओहोटी आपल्याकडे नाही पण रब्बीचं आवर्तन आहे. कालव्याला पाणी सोडलं की चार दिवसांत फुगवट्याचा काठ मागे सरकतो. आम्ही एकदा गाळात अडकलो, दीड तास होडी ढकलली, मांडीपर्यंत चिखल. जायच्या आधी आवर्तन कधी सुटणार ते गावात विचारा, शेतकऱ्यांना तारीख तोंडपाठ असते. त्या उघड्या गाळावर शेकाट्या आणि तुतवार हे चिखलात चरणारे पक्षी मात्र भरपूर उतरतात, तेही मोजून घ्या. पाण्यावर प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर त्यांच्यामधून होडी घालू नका, खाली जाळं असतं आणि ते कोणाच्यातरी पोटाचं असतं. होडीत उभं राहू नका. लाइफ जॅकेट नानांनासुद्धा घालायला लावा, ते नको म्हणतील.

जानेवारीत, गणनेच्या दिवशी, सहा वाजून गेले असतील, धुकं होतं, मी पाठीवर पडलेलो आणि नाना विडी न पेटवता नुसती तोंडात धरून बसलेले. आधी काहीच नाही. मग मागून, अगदी खालून, जाड कापड फाडल्यासारखा आवाज डोक्यावरून गेला आणि धुक्यात विरला. किती होते, कोणते होते, दिसलं नाही. वहीत त्या ओळीवर मी आकडा टाकलेला नाही, नुसती वेळ लिहिलीय, ६.१४.