लाइकिपियाचा निवडुंग: डोलडोलची फेरी

डोलडोल हे केनियातल्या लाइकिपिया भागातलं गाव, तिथे जायचं तर आधी नान्युकी गाठायचं. नैरोबीहून नान्युकी साधारण दोनशे किलोमीटर. मटाटू, म्हणजे तिकडची वडाप, भरली की सुटते. नान्युकीला विषुववृत्ताच्या पाटीपाशी भांड्यात पाणी फिरवून दाखवणारे भेटतील. त्यांच्या नादी न लागता सकाळीच गाडी ठरवून डोलडोलकडे निघा, दुपारी माळावर उभं राहवत नाही.

डोलडोलच्या आसपास फड्या निवडुंग इतका माजलाय की गवताला जागा उरलेली नाही. मूळचा अमेरिकेतला, इंग्रज अमदानीत कुंपणासाठी आणलेला. हत्ती आणि बबून बोंडं खातात नि बिया लांबवर पेरत जातात. तुटून पडलेला फडासुद्धा मुळं धरतो. दुष्काळात गवत संपलं की शेळ्यामेंढ्या बोंडांवर तुटून पडतात, आणि खरा घात तिथे होतो. बोंडांवरची बारीक कुसळं ओठात, जिभेत, आतड्यात रुततात. मग जनावर चरायचंच सोडतं. एका मासाई वाड्यावर ओठ सुजलेली मेंढी पाहिली. मालकीण तिचा जबडा गुडघ्यात धरून एकेक कुसळ नखाने उपटत होती.

चारा करायचा तर बोंडं टाळून फड्यांचा, आणि तोही भाजून. त्याच बाईने फडा काठीला टोचून जाळावर धरला. काटे तडतडत जळाले, कुसळांची राख झाली, फडा आतून हिरवाच राहिला. कडेला कुसळं दाट, म्हणून कडा पुन्हा जाळावर. मग पांग्याने, म्हणजे तिकडच्या कोयत्याने, बोटभर तुकडे केले आणि वाळलेल्या गवतात कालवले. हे कालवणं महत्त्वाचं. नुसता निवडुंग घातला तर जनावर पातळ हगतं. फड्यात 85 ते 90 टक्के पाणी, त्यामुळे दहा किलो फड्यांत सुका ऐवज किलो-दीड किलोच, प्रथिनंही बेताचीच. बाभळीच्या शेंगा मिळाल्या तर ती उणीव थोडी भरून निघते. मात्र पाणी कोसावर असलेल्या माणसाला त्या ओल्या फड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

जनावरांना घालून निवडुंग संपवू, असं बोलणारे भेटतात. मला ते पटलं नाही. भाजायला सरपण आणि माणूस लागतो, आणि तोडताना सांडलेला प्रत्येक तुकडा नवं झुडूप. चारा ही दुष्काळातली सोय म्हणून ठीक. आटोक्यात आणायला इथे कोचिनील कीड सोडली आहे. फड्यावर पांढरा कापूस दिसला तर चिरडून पाहा, बोट लालभडक होतं. हीच कीड 1926 मध्ये दक्षिण भारतात आणली आणि तिथला निवडुंग आटोक्यात आला. उलट मोरोक्कोत 2014 पासून तिने लोकांनी लावलेल्या निवडुंगाच्या बागा खाल्ल्या. उरुळीकांचनच्या बाएफसारख्या संस्था आपल्याकडे बिनकाट्याचा निवडुंग चाऱ्यासाठी लावायला सांगतात; लावणाऱ्याने या किडीवर डोळा ठेवावा.

जाणाऱ्यांनी जाड तळव्याचे बूट घाला. चपला, कापडी बूट नकोत. चिमटा आणि रुंद चिकटपट्टी खिशात असू द्या. कुसळं पट्टीने उचलायची, चोळायची नाहीत, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. ओळखीचा स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय झुडपांत शिरू नका, हत्ती चार पावलांवर असला तरी दिसत नाही. फोटोआधी विचारा. लष्करी छापाचे कपडे केनियात चालत नाहीत, ते घरीच ठेवा. पैसे बहुतेक एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, चालतात, तरी आत जाताना थोडी रोकड ठेवा. फडा आठवण म्हणून आणायचा मोह टाळा. आणि परतताना आपल्या विमानतळावर पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन ठेवा.