हो, त्या निवेदनावर माझी सही होती

कवडीपाटच्या बंधाऱ्यावर, पाषाण तलावाच्या काठी, सासवडकडच्या माळावर चहा पिताना आणि एकदा तर एका लग्नात जेवता जेवता हा प्रश्न मला विचारून झालाय. पक्ष्यांसाठी पहाटे उठून हिंडणारी तू, माळढोक अभयारण्यातून गावं वगळा म्हणणाऱ्या निवेदनावर सही कशी केलीस? विचारणारे जवळचे असतात, म्हणून जास्त लागतं. मोठी गोष्ट आहे, नंतर सांगते, असं म्हणत मी वेळ मारून नेत आले. परवा आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटातल्या एका मुलाने, चांगला अभ्यासू आहे, सरळच विचारलं, “ताई, जमिनीला भाव यावा म्हणून ना?” तेव्हा ठरवलं, एकदा सगळं लिहूनच काढायचं.

माळढोक म्हणजे काय, तो किती उरलाय, हे तुम्हाला सांगायला नको. गवताळ माळावरचा हा मोठा, जड पक्षी देशभरात दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. तुम्हाला बहुधा माहीत नसते ती आपल्याकडच्या अभयारण्याची हद्द. 1979 साली सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ आणि त्याच्यासोबत सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला मुलूख मिळून 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. अख्खा पुणे जिल्हा 15,643 चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे त्याच्या निम्म्याहून जास्त. त्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी. बाकी लोकांची रानं, ज्वारीची, तुरीची, करडईची. शिवाय वस्त्या, बाजाराची गावं, रस्ते. आमचं गाव त्यातच, नगरच्या बाजूला. दवंडी दिली असेलही, पण आमच्या वस्तीवर कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

पक्ष्याचा पत्ता मात्र सगळ्यांना होता. माझे आजोबा त्याला हूम म्हणत. मी लहान असताना, पावसाळ्याच्या उतरतीला, नानांच्या मागे माळावरून चालले होते. नाना, म्हणजे माझे वडील, एकदम थांबले आणि हात मागे करून त्यांनी मला अडवलं. पुढे आठ-दहा पावलांवर मादी बसली होती. ती उठून, मान ताठ ठेवून, घाई न करता चालत गेली तेव्हाच मला दिसली. तिथे घरटं असं काही नव्हतंच. उघड्या जमिनीवर गवताच्या बुडाशी एकच अंडं होतं, शेवाळी तपकिरी रंगाचं, वर गडद डाग. नाना म्हणाले, “चल मागं. आपण नेतोय असं वाटंल तिला.” त्या हंगामात त्यांनी तो तुकडा कापला नाही आणि धनगरांना मेंढरं पलीकडून न्यायला सांगितली. दरवर्षी ते असंच करत. कोणी सांगितलं म्हणून नाही, की कोणी पैसे देतं म्हणून नाही.

आता 2007 चा उन्हाळा. नानांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्यात आणलं, अँजिओग्राफी झाली, बायपास करावी लागेल म्हणाले. माझ्या पगाराला घराच्या कर्जाचा हप्ता लागलेला, भावाचं सोसायटीचं पीककर्ज आधीच थकलेलं. नाना म्हणाले, माळाची दोन एकर काढून टाकू. गिऱ्हाईक आयतं होतं. शेजारच्या गावचे एक गुरुजी निवृत्तीनंतर शेळ्या पाळायच्या म्हणत होते. भाव ठरला, त्यांनी इसार दिला. डॉक्टरांनी नानांना प्रवास नको म्हणून सांगितलं होतं, पण सातबारा त्यांच्या नावावर, सही त्यांचीच लागणार. भाड्याची गाडी केली, मागच्या सीटवर उशा लावल्या, आणि पहाटे पुण्यातून निघालो.

तालुक्याच्या कचेरीत आमचा नंबर दुपारी लागला. मुद्रांक घेतलेला, दस्त टाइप करून आणलेला, दोन साक्षीदार हजर. क्लार्कने जमिनीचा गट नंबर बघितला, सुतळीने बांधलेला एक कागदांचा गठ्ठा काढला, बोट फिरवत खाली आला आणि थांबला.

“हा गट अभयारण्यात आहे. दस्त नोंदवता येणार नाही.”

“कसल्या अभयारण्यात?” नानांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आधी गावातले काही व्यवहार कुठल्याशा फटीतून झाले होते, म्हणून आम्ही कोणीच चौकशी केली नव्हती.

“माळढोकच्या.”

नाना खुर्चीत जरा पुढे सरकले. त्यांना वाटलं, हे तर आपल्या ओळखीचं काम निघालं. म्हणाले, “साहेब, माझ्याच रानात अंडं घालतो की तो. मी राखलंय ते.”

क्लार्क म्हणाला, “म्हणूनच.”

तो उद्धट नव्हता. त्याच्याकडे द्यायला दुसरं उत्तर नव्हतं. पण नानांचा चेहरा त्या एका शब्दाने कसा झाला ते मला अजून लिहिता येत नाही, आणि ज्यांना माझ्या सहीचं कारण हवंय त्यांना मी त्या चेहऱ्यापलीकडे फार काही देऊ शकत नाही.

व्हरांड्यात एक माणूस उभा होता. त्याने आधी नानांना पाणी आणून दिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, व्यवहार होतो, फक्त इथे नाही होत. नोटरीकडे साठेखत करायचं, सोबत कुलमुखत्यारपत्र द्यायचं, ताबा द्यायचा. बंदी उठेल तेव्हा खरेदीखत. भाव अर्थातच तो राहणार नाही, कारण जोखीम घेणाऱ्याची. गुरुजींना ते मान्य नव्हतं. सरळमार्गी माणूस, नोंदणी नसलेल्या जमिनीत आयुष्याची पुंजी घालणार नाही म्हणाले, आणि नानांची माफी मागून गेले. त्यांचंही काही चुकलं नाही. रुग्णालयात पैसे भरायचे होते. ठरल्या भावाच्या निम्म्याहून कमी पैशांत ती दोन एकर त्या व्हरांड्यातल्या माणसाच्या कोणा ओळखीच्याकडे गेली. नोटरीच्या टेबलाशी नानांनी सही केली तेव्हा मी शेजारी उभी होते.

ऑपरेशन झालं, नाना बरे झाले, पुढे काही वर्षं जगले. पण त्या पावसाळ्यात त्यांनी धनगरांना अडवलं नाही. उरलेल्या माळावरही नाही. भावाने विचारलं तर म्हणाले, “माझं आहे का कोणाचं आहे, मलाच कळंना झालंय.”

नंतर मी कायदा वाचून काढला. वन्यजीव संरक्षण कायद्याचं 20 वं कलम. अधिसूचना निघाली की त्या हद्दीतल्या जमिनीत कोणालाही नवा हक्क मिळवता येत नाही, अपवाद फक्त वारसाचा. म्हणजे नाना वारले की जमीन आम्हाला मिळू शकत होती. ते जिवंत राहावेत म्हणून ती विकता येत नव्हती. पुढची कलमं वाईट नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येकाच्या हक्काची चौकशी करावी, दावे ऐकावेत, हक्क घ्यायचे तर मोबदला द्यावा, असं त्यात लिहिलंय. आमच्या वस्तीवर ती चौकशी करायला कोणी आलं नाही. जमीन घेतली असती तर पैसे द्यावे लागले असते. घेतली नाही, म्हणून द्यायचा प्रश्नच आला नाही. 1978 च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला, तरी 300-अ कलम उरलंच आहे, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. पण आमची काढून कुठे घेतली होती? सातबारा आमच्याच नावावर होता.

यावर तुम्ही म्हणता, शेती करायला तर कोणी बंदी केली नव्हती ना? नव्हती. ज्वारी होत होती, करडई होत होती. हे मी नाकारत नाही. पण कोरडवाहू माणसाची जमीन ही त्याची एकमेव ठेव असते, आणि ती कशाकशासाठी मोडावी लागते हे पगारदार माणसाला, मलासुद्धा, ते दार बंद झाल्याशिवाय कळत नाही.

कॉलेजात असताना मी इथेच, पुण्यात, एका स्पर्धेत माळढोकवर भाषण केलं होतं. भाषणाचे कागद अजून आहेत माझ्याकडे. त्यातली ती मुलगी, म्हणजे तेव्हाची मी, म्हणते, वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा पक्षी माणसांच्या सोयीने वाट बघत बसणार नाही, आधी हद्द आखा, मग बाकीचं बघू. मी तिला विचारते, मग ‘बाकीचं’ बघितलं का कोणी? ती म्हणते, हद्द आखली नसती तर नान्नजचा माळही राहिला नसता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला मध्य प्रदेशातल्या करेऱ्याचं सांगते. तिथेही माळढोकसाठी अभयारण्य झालं, तिथेही लोकांच्या जमिनी अडकल्या, पक्षी लोकांच्या डोळ्यांत सलायला लागला आणि नव्वदच्या दशकात तो तिथून संपला. ती म्हणते, तो तर तुमच्याकडेही हद्द कमी केल्यावर संपत आला. मग आम्ही दोघी गप्प होतो.

कारण ते खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीनंतर हद्द 1,222 चौरस किलोमीटरवर आली आणि आमचं गाव बाहेर पडलं. नोटरीवर घेतलेली ती दोन एकर लगेच रीतसर खरेदी झाली, आणि मग पुन्हा, कितीतरी जास्त भावाने, विकली गेली. तिथे आता बोअर आहे, डाळिंब आहे, चारी बाजूंनी तारेचं कुंपण आहे. त्या मुलाला मला हेच सांगायचंय. भाव आला, पण तो ज्यांना थांबणं परवडत होतं त्यांना आला. बंदीने व्यवहार थांबले नाहीत, फक्त अडलेल्या माणसाचा भाव पाडला. आणि हेही सांगते, उरलेल्या जमिनीला भाव आला तेव्हा भावाने एक एकर विकून पुतणीला इंजिनिअरिंगला घातलं. ते मी लपवत नाही, त्याची लाजही वाटत नाही.

माळावर माळढोक नाही. पण तो आमच्या सहीने गेला असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. गवताळ माळाला महसुली कागदात पडीक आणि पोटखराब म्हणायचं, उजनीचं पाणी आलं की त्यावर ऊस करायचा, जे उरेल त्यात झाडं लावून हिरवं केलं म्हणायचं, वरून विजेच्या तारा ओढायच्या. मान उंच करून, समोरचं नीट न दिसता उडणाऱ्या जड पक्ष्याला त्या तारा चुकवता येत नाहीत. हे सगळं अधिसूचना पूर्ण लागू असतानाही चालूच होतं. 20 व्या कलमाने अडवली ती नानांची सही.

आता पुण्याचं. 1997 ला 23 गावं महापालिकेत आली आणि पुढे त्यांतल्या टेकड्यांवरच्या सुमारे 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं, बीडीपीचं, आरक्षण पडलं. टेकड्या वाचल्याच पाहिजेत, मीही त्या सह्यांमध्ये होते. पण तिथल्या जमीनमालकांना काय द्यायचं यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली, 2015 मध्ये 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरला, तो कमी आहे म्हणून ते अजून भांडतात. भांडायला निदान आकडा आहे. आमच्या गावाकडे तोही नव्हता. आणि टेकडीखालच्या सोसायटीत खिडकीतून टेकडी दिसते म्हणून फ्लॅटला जो जादा भाव मिळतो, त्यातलं टेकडीच्या मालकाला काय जातं, हे कधीतरी एकमेकांना विचारूया.

सध्या गटात एक नवं निवेदन फिरतंय. सासवड, जेजुरी, सुप्याकडचे माळ लांडग्यांसाठी संरक्षित करा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. लांडगा तेवढ्यात मावत नाही, तो खासगी माळावरच फिरतो, तिथेच पिल्लं घालतो, आणि त्या माळांवर प्लॉटिंगचे दगड रोज नवे दिसतात. घाई आहे हे मला दिसतंय. 2002 च्या दुरुस्तीने कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची सोय झाली आहे, मालक स्वतः पुढे आले तर खासगी जमिनीवरही ते करता येतं. मग मसुद्यात तेच लिहा. गवत राखणाऱ्याला एकरी दरवर्षी किती देणार तो आकडा लिहा, लांडग्याने मेंढरू नेलं तर धनगराला भरपाई किती दिवसांत मिळणार ते लिहा, आणि मालक अडला तर जमीन सरकार बाजारभावाने विकत घेईल हे लिहा.

हे मी गटात मांडलं तेव्हा, इतकं सगळं घालत बसलो तर तोवर माळ संपेल, असं उत्तर आलं. संपेलही. भावाला फोन केला तर तो म्हणाला, आकडे लिहून आणले तरी सही करू नकोस, ते कागदावर राहतात आणि बंदी तेवढी खाली उतरते. त्याचंही मला पटत नाही. मसुदा माझ्याकडे आहे. मालकांच्या संमतीचं कलम मी त्यात पेन्सिलने लिहून ठेवलंय, रविवारी सुप्याला जाताना गटाला दाखवणार आहे.