सौंदत्ती : यल्लम्माच्या डोंगराखालचे गाव आणि त्याचा जलाशय

बेळगाव-खानापूरकडच्या मराठी घरांत सौंदत्तीला जाणे म्हणजे यल्लम्माला जाणे. जोगुळभावीला स्नान करून, दर्शन घेऊन आणि भंडारा लावून बहुतेक जण आल्या वाटेने परततात, त्यामुळे डोंगराखालचे गाव आणि रेणुकासागर जलाशय पाहायचे राहून जातात. आम्ही या वेळी मुद्दाम त्यासाठीच गेलो.

बेळगावहून बैलहोंगलमार्गे हे अंतर 80 किलोमीटरच्या आसपास आहे. बैलहोंगलला कित्तूरच्या राणी चन्नम्माची समाधी आहे, तेथे अवश्य थांबावे. सौंदत्तीला रेल्वे नाही. धारवाड स्थानकावरून येणाऱ्यांना रस्त्याने सुमारे 40 किलोमीटर पडतात.

आपल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा येथे वालुकाश्माच्या डोंगररांगेला भिडते आणि नविलुतीर्थाच्या अरुंद खिंडीतून पलीकडे निघते. खिंडच एवढी चिंचोळी, की सुमारे 40 मीटर उंचीच्या धरणाला जेमतेम दीडशे मीटर लांबी पुरली, आणि तेवढ्या भिंतीमागे, रेणुकासागरात, सुमारे 37 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठू शकते. साठू शकते, असे जपूनच म्हणायला हवे, कारण धरण पूर्ण भरण्याची वर्षे मोजकीच असतात. गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या वादामागची तूट उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठावर डोळ्यांनी दिसते. हुबळी-धारवाडचे पिण्याचे पाणीही येथूनच जाते.

गावाचे जुने नाव सुगंधवर्ती. कुंडी प्रांतावर राज्य करणाऱ्या रट्टांची ही पहिली राजधानी. पुढे ती बेळगावला हलली. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती (जैन मंदिर) चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्याने 1204 च्या सुमारास बांधली, तीही याच घराण्याच्या काळात. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाने रट्टांचे राज्य संपवले. गावातील किल्ला मात्र बराच अलीकडचा, अठराव्या शतकातील देसायांचा आहे. अंकेश्वर आणि पुरदेश्वर ही जुनी मंदिरे आमच्या मते किल्ल्याहून अधिक वेळ देण्याजोगी आहेत, पण तेथे फारसे कोणी फिरकत नाही.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत जावे; तेव्हा पाणीही असते आणि ऊनही सोसते. मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेच्या आगेमागे डोंगरावर प्रचंड गर्दी लोटते, त्यामुळे केवळ गाव पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत. धरणाच्या भिंतीवर प्रवेश मिळेलच असे धरू नये. मंगळवार-शुक्रवार सोडून गेल्यास दर्शनही तुलनेने लवकर होते. डोंगर सकाळी आटोपून दुपारनंतरचा वेळ गाव आणि जलाशयासाठी ठेवावा.