आमची वाटचाल: कूलरच्या दुकानापासून घरातल्या हवेपर्यंत

नागपुरात उन्हाळा लागला की घरात पहिलं काम कूलरचं. माळ्यावरून नाहीतर जिन्याखालून तो बाहेर काढायचा, कूलरच्या जाळीत भरलेली लाकडाच्या तंतूंची, मागच्या वर्षीची काळी पडलेली वुडवूल फेकायची, पंप चालतो का बघायचा, टाकीला रंग मारायचा. आमचं दुकान याच कामावर उभं राहिलं. बाबा पत्र्याचे कूलर बनवायचे, पंखे दुरुस्त करायचे. होळीपासून मृग लागेपर्यंत जेवायला फुरसत नसायची आणि नंतरचे आठ महिने जेमतेम निघायचे.

मी दुकानात बसायला लागलो तेव्हा एक तक्रार रोज कानावर यायची: "भाऊ, कूलर नवा, वुडवूल नवी, तरी घर चिकचिक करतंय." अशा वेळी मोठा कूलर विकणं सगळ्यात सोपं. बाबा मात्र आधी घरी जायचे आणि कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडायचे. लोकांना ते पटायचं नाही. गार हवा बाहेर जाईल ना! पण कूलर गारवा देतो तो पाण्याच्या बाष्पीभवनातून. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ती पाणी भराभर पिते आणि गार होते. तीच हवा खोलीत कोंडली की दमट होते, मग अंगावरचा घामही वाळत नाही. कूलरच्या तोंडाएवढी तरी मोकळी जागा समोर हवी, हा बाबांचा हिशोब. आम्ही आजही तोच लावतो.

पुढचा सगळा धंदा या एका गोष्टीतून वाढला. हवा आत आणायची यंत्रं सगळेच विकतात, तिच्या बाहेर जाण्याच्या वाटेचा विचार कोणी करत नाही. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत तो विचार होता. छताला लागून रोशनदान असायचं, तापलेली हवा वर चढून तिथून निघून जायची आणि खालून चौकातली हवा आत यायची. फ्लॅट आले, छतं खाली आली, रोशनदानं गेली. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. अशा खोलीत पंखा लावला की छताजवळची गरम हवाच अंगावर येते. म्हणून वरच्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकांना आम्ही गच्चीला पांढरा चुना आणि भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा सुचवतो. रात्री बाहेरची हवा उतरली की खिडक्या उघडून तो चालवायचा.

एक्झॉस्टचं काम हातात घेतल्यावर आमची पावसाळ्यातली गाडीही चालू झाली. मनीषनगरच्या एका फ्लॅटमधलं काम इथे सांगण्यासारखं आहे. काकूंनी स्वयंपाकघरातला पंखा काढून दुप्पट मोठा बसवला होता, तरी फोडणी दिली की हॉलमध्ये सगळ्यांना ठसका. आम्ही ओट्याजवळ अगरबत्ती धरली. धूर सरळ वर गेला आणि छताखाली पसरला, पंख्याकडे वळलाच नाही. मग ती पंख्याखालच्या उघड्या खिडकीपाशी नेली, तर धूर एका झटक्यात पंख्यात. म्हणजे पंखा ताकदीने ओढत होता, पण शेजारच्या खिडकीतली हवा ओढत होता, गॅसवरची नाही. ती खिडकी लावली, हॉलच्या बाल्कनीचं दार वीतभर उघडं ठेवलं. आता अगरबत्तीचा धूर ओट्यावरून आडवा होऊन पंख्याकडे निघाला. काकू बघतच राहिल्या. नवीन काहीच विकलं नाही. त्यांच्याच बिल्डिंगमधून नंतर आम्हाला बरंच काम मिळालं.

चिमणीचंही तसंच. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडायचा, त्याला तीन वळणं द्यायची आणि मग कंपनीला शिव्या द्यायच्या, हे आम्ही नेहमी बघतो. पाइप आखूड, सरळ आणि पूर्ण मापाचा असेल तर साधी चिमणीसुद्धा चांगलं काम करते. बिनपाइपची चिमणी तेल अडवते, पण उष्णता आणि वाफ घरातच परत सोडते.

एक काम मात्र आम्ही कितीही पैसे दिले तरी करत नाही: बंद बाथरूममध्ये गॅस गीझर असताना तिथे एक्झॉस्ट बसवणं. जळालेला वायू बाहेर जाण्याऐवजी तो पंखा त्याला खाली खेचू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. माणूस अंघोळ करता करता कोसळतो. गीझर आधी बाहेर मोकळ्या जागी काढा, पंखा मग लावतो. यावरून गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

कोरोनात लोकांना हवेची किंमत कळली. मे 2021 मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खिडक्या-दारं उघडी ठेवा, एक्झॉस्ट लावा, असं सांगितलं आणि आमच्याकडे डॉक्टरांच्या दवाखान्यांची, शिकवणी वर्गांची रांग लागली. तेव्हा कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घेतलं. बाहेरच्या हवेत तो दशलक्षात साधारण 420 भाग असतो. दारं-खिडक्या बंद करून एसीत दोघं झोपलेल्या खोलीत पहाटे आकडा 2000 च्या वर गेलेला आम्ही गिऱ्हाइकांना दाखवतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. सकाळी डोकं जड वाटतं त्यात कोंडलेल्या हवेचा वाटा असतो. दाराखाली फट आणि फिल्टर लावलेला छोटा पंखा, एवढ्यानेही आकडा बराच खाली येतो. सोबत छताचा पंखा मंद चालवला की एसी 26 वर ठेवूनही झोप लागते.

छताच्या पंख्यांत आता आम्ही बीएलडीसीच, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखाच सुचवतो. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, हा 30 च्या. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झाल्यावर पटवून देणंही सोपं झालं. पण पंखा नुसता हळू फिरतो म्हणून कोणी नवा घ्यायला आलं तर आधी कपॅसिटर बदलून बघतो, तो स्वस्तात मिळतो.

सगळ्यात अवघड जातं कोराडी, खापरखेड्याच्या बाजूचं काम. वीज केंद्रांची राख उडते, तिथे खिडकी उघडा म्हणायला जीभ रेटत नाही. अशा घरांत वारा कुठून येतो ते बघून राखेच्या उलट्या अंगाने हवा आत घेतो, जाळीमागे फिल्टर लावतो आणि तो दर महिन्याला झटकायचा हे घरातल्या बाईमाणसांना स्वतः करून दाखवतो. फिल्टर भरला की हवा येणंच थांबतं.

आज आमच्याकडे कूलरचं काम आहेच, पण बाराही महिने मुलांना पगार देता येतो तो एक्झॉस्ट, चिमणीची पाइपिंग आणि हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांच्या शेडवरच्या वाऱ्यावर फिरणाऱ्या टर्बो व्हेंटिलेटरमुळे. फोनवर भाव सांगत नाही. आधी घर बघतो, अगरबत्ती लावतो, मगच काय लागेल ते सांगतो. बघायचे पैसे घेत नाही. एप्रिलच्या आत बोलावलंत तर बरं, नंतर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, संपेपर्यंत सगळी मुलं कूलरवरच असतात.