मे महिन्यात एन्झाइम तापवताना

प्रोटोकॉलमध्ये ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते साधारण 25 अंशांसाठी. नागपुरात मे महिन्यात पारा 45 गाठतो आणि नुसत्या कूलरवरच्या खोलीत टेबलसुद्धा हाताला गरम लागतं. त्यामुळे अल्फा अमायलेज या स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचे म्यूटंट (बदल केलेली रूपं) किती उष्णता सोसतात ते तपासताना खोलीच्या भरवशावर काहीच सोडू नका.

पीसीआरच्या नळीत 50 मायक्रोलिटर नमुना घ्या. पीसीआर मशीनमध्ये 60 ते 80 अंशांच्या ग्रेडियंटवर (प्रत्येक नळीला वेगळं, चढतं तापमान) 10 मिनिटं तापवा आणि लगेच 5 मिनिटं बर्फात ठेवा. मग स्टार्च घालून उरलेली क्रिया डीएनएस पद्धतीने (सुटलेल्या साखरेमुळे येणाऱ्या रंगावरून) 540 नॅनोमीटरवर मोजा. मशीनचं झाकण 105 अंशांवर तापलेलं हवं, नाहीतर वाफ वर जाऊन चिकटते आणि खालचं द्रावण घट्ट होतं. न तापवलेला नमुना 100 टक्के धरा. निम्मी क्रिया उरते ते तापमान म्हणजे टी50.

खरी फसगत बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात होते. या एन्झाइमची घडी कॅल्शियमने सांभाळलेली असते. फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम साक्यासारखं तळाशी बसतं, ईडीटीए हे धातूंचे आयन पकडणारं रसायन तर ते सरळ ओढूनच घेतं. मग चांगला म्यूटंटही नापास! हेपीस बफर आणि 2 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड वापरा. ट्रिस बफर नकोच, तापताना त्याचा पीएच दर अंशाला सुमारे 0.03 ने उतरतो.

आणि टिकाऊपणा फुकट मिळत नाही. सबटिलिसिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममध्ये 222 क्रमांकाच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाजागी अ‍ॅलानिन आणलं की ते हायड्रोजन पेरॉक्साइडला दाद देत नाही, पण वेग घटतो. ब्लीच असलेल्या धुण्याच्या पावडरीत हा सौदा परवडतो.